साखर सोडायचीय ना, मग आधी चहाचं टोप बघा

वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीतून पत्र आलंय, मोठं होतं म्हणून थोडक्यात देतेय. ताई लिहितात: "वय ४६. मी आणि माझी जाऊ मिळून घरीच कोकम सिरप, आंबावडी, फणसपोळी करून विकतो, गणपतीत करंज्या-लाडवांच्या ऑर्डरी घेतो. जूनमध्ये तपासणी केली तर उपाशीपोटी साखर ११२ आली आणि एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१. डॉक्टर म्हणाले डायबेटिस अजून नाही पण उंबरठ्यावर आहात, गोळी नको, साखर बंद करा. तेव्हापासून तीनदा सगळं सोडलं, अगदी चहासकट, आणि तीनदा परत सुरू झालं. दुसऱ्या दिवशीच डोकं असं ठणकतं की काम सुचत नाही. आता गुळाचा चहा घेते. कुणाकडे गेलं की नाही म्हणता येत नाही. सासूबाई म्हणतात, मी इतकी वर्षा गोड चाय पितंय, माका काय झाला? मिस्टर म्हणतात, एवढ्याशाने काय होतंय. आता गणपती येतायत, मोदक करायचे आणि तोंडात घालायचे नाहीत का? आणि जिचे हात दिवसभर साखरेत तिने साखर सोडायची तरी कशी? धंदाच बंद करू का?"

ताई, पत्र दोनदा वाचलं आणि पहिली गोष्ट हीच सांगावीशी वाटली की तुमची जिद्द कमी पडलेली नाहीये. तीनदा सुरू झालं ते तुम्ही मनाने कच्च्या आहात म्हणून नाही, तर तुम्ही साखरेबरोबर चहा पण बंद केलात म्हणून. दिवसाला पाच कप चहा वर्षानुवर्षं घेणाऱ्या माणसाने तो एकदम बंद केला की साधारण बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, चिडचिड होते, अंगात काही त्राण नाही असं वाटतं, आणि हे दोन दिवसांपासून आठ-नऊ दिवसांपर्यंत चालू शकतं. हे चहातलं कॅफिन अचानक बंद झाल्यामुळे होतं. तुम्हाला वाटलं की साखर नसल्याने डोकं दुखतंय, मग तुम्ही गोड चहा घेतलात, डोकं थांबलं, आणि शरीराला साखर लागतेच असा पक्का समज झाला. तर आता यावेळी चहा सोडू नका. पाच घेताय तर पाच घ्या, फक्त त्यातली साखर कमी करत आणायची. चहा कमी करायचाच असेल तर ते नंतर सावकाश बघू, एका वेळी एकच गोष्ट.

आता जरा हिशोब करू, कारण मिस्टरांच्या "एवढ्याशाने" या शब्दाला उत्तर हिशोबानेच देता येतं. तुम्ही लिहिलंय की उठल्यावर एक, नाश्त्याबरोबर एक, अकराला एक, चारला एक आणि दिवेलागणीला एक, आणि प्रत्येकी दोन चमचे. सपाट भरलेला एक चमचा म्हणजे ४ ग्रॅम साखर, आपल्याकडे कोण सपाट घालतं म्हणा, पण तसं धरलं तरी दिवसाला दहा चमचे म्हणजे ४० ग्रॅम. वर्षाला साडेचौदा किलो होतात ताई! एकट्या माणसाची, नुसत्या चहातली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलंय की वरून घातलेली साखर, मध, सरबतं, फळांचे रस हे सगळं मिळून रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या खाली असावं, आणि ५ टक्क्यांच्या खाली आणलं तर आणखी चांगलं, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. तुमच्या नुसत्या चहाने ती हद्द दुपारीच ओलांडली जाते, अजून बटर, टोस्ट, बिस्कीट धरलंच नाहीये.

याच्यासमोर मोदक ठेवून बघा. एका उकडीच्या मोदकाच्या सारणात ढोबळमानाने दोन-तीन चमचे गूळ जातो. जेवणात तीन मोदक खाल्लेत तरी ती तुमच्या एका साध्या मंगळवारच्या चहाएवढी सुद्धा साखर होत नाही. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, की सणाची साखर सोडायच्या मागे लागू नका, रोजची सोडा. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, बाई सणाला मोदकाच्या ताटापुढे हात आखडते, सगळ्यांच्या देखत "माझं बंद आहे" म्हणते, मन मारते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तोच दोन चमच्यांचा चहा घेते ज्याच्याकडे कुणाचं लक्षच नसतं. मोदक वर्षातून चार वेळा, चहा वर्षातून अठराशे वेळा, मग कुठे हात घालायचा ते तुम्हीच ठरवा.

तर टोपाकडे येऊ. आपल्या घरांत चहा कसा होतो बघा, टोपात पाणी ठेवलं की पहिली साखर पडते, मग पावडर, आलं, पात, मग दूध. म्हणजे तुमच्या कपात किती साखर जाणार हे जो पहिला उठून टोप ठेवतो तो ठरवतो, तुम्हाला निवडायला मिळतच नाही. तुमच्या घरी तो टोप बहुतेक सासूबाईच ठेवत असणार. त्यामुळे चहा बिनसाखरेचा उकळायचा आणि साखरेचा डबा-चमचा कपांजवळ ठेवायचा, ज्याने त्याने आपापली घालून घ्यायची, एवढा एकच बदल घरात करून घ्या. सासूबाईंना त्यांचे दोन चमचे मिळतील, मिस्टरांना त्यांचे, कुणाचं काही हिरावून घ्यायचं नाहीये, फक्त तुमचा कप मोकळा होतो. पहिले आठ दिवस कुरकुर होईल, "चायक् चव नाय" ऐकावं लागेल, कारण उकळताना विरघळलेली साखर आणि वरून घातलेली यात थोडा फरक लागतो हे खरंच आहे. वरून घातलेली नीट ढवळावी लागते एवढंच. आणि एक गंमत बघा, स्वतःच्या हाताने घालायची वेळ आली की घरातले बाकीचे पण आपोआप कमी घालायला लागतात, कुणी सांगावं लागत नाही.

तुमच्या स्वतःच्या कपात दोनाचा दीड चमचा करा, आठ-दहा दिवसांनी एक, मग अर्धा, मग नाही. जिभेला सवय मोडायला काही आठवडे लागतात, एकदम शून्यावर आलात तर चहा कडूझार लागणार आणि परत चौथ्यांदा तेच होणार. पातीचा चहा तुमच्या परड्यात असेलच, गवती चहाच्या दोन पाती आणि आलं जास्त घातलं की साखर कमी असल्याचं तेवढं जाणवत नाही. कप पण छोटा घ्या. चारच्या चहाबरोबर जे बटर-टोस्ट बुडवून खाता ते मात्र लगेच बंद, त्यात मैदा आणि साखर दोन्ही आलं, त्याच्याऐवजी मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा उकडलेली चवळी, काळे वाटाणे, अगदीच काही नसेल तर ओल्या खोबऱ्याचा छोटा तुकडा. दुकानातलं बिस्कीट घ्याल तेव्हा पाकीट उलटं करून बघा, घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, साखर दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला सापडली तर समजून जा, मग ते "हलकं" म्हणून आजाऱ्याला देतात ते बिस्कीट का असेना.

गुळाबद्दल जरा कडक बोलते, राग मानू नका. गुळाचा चहा म्हणजे साखर सोडली असं नाही होत. गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, पण त्याचा बहुतेक भाग साखरच असतो आणि रक्तात गेल्यावर तुमचं शरीर तो कोल्हापूरचा गूळ आहे की कारखान्याची साखर आहे असा भेद करत नाही. मध, खडीसाखर, ब्राऊन शुगर सगळ्यांना हेच लागू. रसाबरोबर घावन खाता तेव्हा नारळाच्या दुधात पडणारा गूळ पण याच खात्यात. साखरेऐवजी चहात घालायच्या गोडव्याच्या गोळ्या मिळतात त्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीये, तरी सांगून ठेवते, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवायला त्या वापरू नका असं सुचवलंय, ज्यांना आधीच डायबेटिस आहे त्यांच्यासाठी ती सूचना नाही. तुमच्या बाबतीत मला वाटतं त्याने जिभेची गोडाची सवय तशीच राहील, म्हणून नको.

आता तुमचा खरा प्रश्न, हात दिवसभर साखरेत आहेत त्याचं काय. पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलायत, "कढई खरवडून जे निघतं ते टाकवत नाही." ताई, मला वाटतं चहाखालोखाल साखर तिथेच आहे! आंबावडीची कढई, कडेला चिकटलेला तो खरपूस गोडमिट्ट थर, कालथ्याने ओढून काढला की बोटभर निघतो आणि उभ्या उभ्या तोंडात जातो, शिवाय वड्या कापताना वाकडे निघालेले कडेचे तुकडे, करंजीचं उरलेलं सारण, लाडवाच्या पाकाचा चमचा. याचा कुणीच हिशोब ठेवत नाही कारण हे जेवण नाही, नाश्ता नाही, हे "वाया जायला नको" म्हणून खाल्लेलं असतं. कोकणातल्या बाईला काही टाकणं जमत नाही हे मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल मला आदरच आहे, पण तुमचं पोट म्हणजे उरलेलं साठवायची जागा नव्हे. वड्या थापून झाल्या की त्याच मिनिटाला कढईत गरम पाणी ओता, विचार करायला वेळच ठेवू नका. कडेचे तुकडे वेगळ्या पिशवीत भरून कमी भावात विका, तुमच्याकडे मुलांसाठी घेणारं गिऱ्हाईक नक्की मिळेल, म्हणजे वाया पण गेलं नाही आणि चार पैसे पण आले.

चव बघण्याचं म्हणाल तर बरीचशी चव बघावीच लागत नाही. वडीचं मिश्रण झालं की नाही हे कढईच्या कडा सुटण्यावरून आणि गोळा फिरायला लागण्यावरून कळतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. लाडवाचा पाक एकतारी झाला का ते बोटांत बघायचं असतं, जिभेवर नाही. राहिलं सिरप. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, किलोभर सालींना तुम्ही दीड-दोन किलो साखर लावत असणार, बरणीत थर देऊन उन्हात ठेवत असणार, आणि गाळल्यावर गोडी बरोबर आहे का ते चमच्याने चाखून ठरवत असणार. चांगल्या टिकाऊ सिरपात जवळपास दोन तृतीयांश साखरच असते, म्हणजे चाखलेला एक चमचा सिरप म्हणजे पूर्ण एक चमचा साखर. दिवसात पाच बॅच चाखल्यात की पाच चमचे गेले. याला उपाय आहे, रिफ्रॅक्टोमीटर म्हणून हातात मावणारं यंत्र मिळतं, दुर्बिणीसारखं डोळ्याला लावायचं, काचेवर एक थेंब टाकायचा आणि आत साखरेच्या प्रमाणाचा आकडा दिसतो, त्याला ब्रिक्स म्हणतात. हजार-दोन हजारांच्या आसपास मिळून जातं. घेताना ० ते ९० मापाचं घ्या, ० ते ३२ वालं असतं ते पातळ रसासाठी, सिरपाला चालायचं नाही. सिरपाचा आकडा ६५ च्या वर आला की झालं. आणि धंद्याच्या दृष्टीने सुद्धा हे बरं, प्रत्येक बाटलीची गोडी सारखी राहते, पावसाळ्यात आंबून बाटली उडाली अशी तक्रार कमी होते. मीठ-जिऱ्याचा अंदाज मात्र जिभेनेच घ्यावा लागतो, तर तो सिरप भरपूर पाण्यात पातळ करून घ्या, तोंडात फिरवा आणि चूळ भरून टाका. चहाच्या कंपन्यांत चव बघणारी माणसं दिवसभर कप चाखतात, ती काय गिळत नाहीत, थुंकतात. दोघींपैकी जाऊबाईंची साखर नॉर्मल असेल तर चाखायचं काम सरळ त्यांच्याकडे द्या, कढईसमोर तुम्ही.

धंदा बंद करू नका हो. उलट बाजूला एक नवीन माल वाढवा. आगळ, म्हणजे कोकमाचा रस, तुम्ही घरापुरतं करतच असाल, फक्त मिठातलं, साखर नाही, ते बाटल्यांत भरून विका, सोलकढीसाठी मुंबईचे चाकरमानी डोळे झाकून घेतात. कोकम सिरपाच्या मोठ्या ग्लासात सहज सात-आठ चमचे साखर जाते, तेव्हा उन्हातून आलेल्या पाहुण्याला पण आगळ-पाणी-जिरेपूड असं विचारून बघा, आवडणारे बरेच निघतात. फक्त घरात कुणाला ब्लडप्रेशर असेल तर आगळातल्या मिठाकडे लक्ष ठेवा.

लोकांकडे गेल्यावर काय करायचं? आपल्याकडे चहा नाकारणं म्हणजे माणूस नाकारल्यासारखं होतं, "वायच घे गो, एवढ्यान काय होवचा नाय" असं तिसऱ्यांदा म्हटलं की कोण नाही म्हणेल. मग नाही म्हणूच नका. दारातूनच, टोप चढायच्या आधी सांगा, "माका कोरो दी गो, बिनसाखरेचो." चहा झाल्यावर सांगितलंत तर परत करायला लावल्यासारखं होतं, आधी सांगितलं की कुणाला वाईट वाटत नाही. आणि कारण विचारलंच तर "डॉक्टरांनी साखर बंद केलीय" एवढं पुरे, खरंच आहे ते. अख्ख्या वाडीत रिपोर्टचे आकडे वाटायची गरज नाही. गणपतीत भजनाला, आरत्यांना दहा घरं होतात, दहाही घरी चहा-पेढा-लाडू असतो, तिथे एक ठरवून जा की प्रसाद म्हणून जे हातावर पडेल ते कणभर घ्यायचं आणि चहा कोरा. आपल्या घरचे मोदक जेवणात दोन-तीन, बसून, तूप घालून, सगळ्यांबरोबर, मनात कसलीही टोचणी न ठेवता. करणाऱ्या बाईने खायचे नाहीत हे मला तरी पटत नाही. विकतचे पेढे आणि बर्फी मात्र सोडायला काहीच हरकत नाही, त्यांची आठवण दुसऱ्या दिवशी राहत सुद्धा नाही.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांनी लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात दिवस काढलेत, विहिरीचं पाणी ओढलंय, घाटी चढून लाकडं आणलीत, तो गोड चहा त्यांच्या अंगात राहायलाच मिळाला नाही. तुमचं काम कष्टाचं आहे पण ते उभं राहून, एका जागी, शेगडीसमोर. रोज जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चाललात तरी जेवणानंतर वाढणारी साखर कमी चढते, अंगणात फेऱ्या मारल्या तरी चालतील, पाऊस असला तर पडवीत. मिस्टरांना सांगा की देशभरातल्या पाहणीचा अहवाल २०२३ मध्ये आला, त्यात भारतात १० कोटींवर लोकांना डायबेटिस आणि त्याहून जास्त, १३ कोटींवर लोक तुमच्यासारखे उंबरठ्यावर निघाले. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ पासून पुढे डायबेटिस. तुम्ही ६.१ वर आहात, इथून मागे फिरता येतं, बरेच लोक फिरतात, म्हणून तर डॉक्टरांनी गोळी न देता वेळ दिलाय. तो वेळ घरच्यांनी पण तुम्हाला द्यायला हवा.

हापूसचं तुम्ही विचारलं नाहीत पण मे महिन्यात विचारालच. अख्खं फळ आणि आमरस एक नाही. एक मध्यम आंबा कापून, मधल्या वेळेला, तेवढाच. आमरसात वरून साखर नको, आणि डब्यातल्या रसात ती बहुतेक वेळा आधीच घातलेली असते, डब्यावर वाचून घ्या.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक गोष्ट, नीट लक्षात घ्या. ज्यांना डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी या पत्रावरून एकदम काही बंद करू नका, आधी डॉक्टरांशी बोला, कारण औषधाचा डोस तुमच्या खाण्याच्या हिशोबाने ठरलेला असतो. घाम फुटला, हातपाय थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्या वेळी साखर खायचीच असते, तीन-चार चमचे पाण्यात विरघळवून लगेच प्यायची, तेव्हा "मी सोडलीय" म्हणून बसायचं नाही.

ताई, एचबीए१सी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे पुढच्या महिन्यात घाईने तपासून निराश होऊ नका. आज टोप बदललंत तर दिवाळीनंतर तपासा आणि आकडा मला कळवा. तुमच्या पत्रात सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात आहे, ते मी वाचलंय पण आज मुद्दाम त्याला हात लावला नाही. ते दिवाळीनंतरच्या पत्रात बघू.